काचघरातलं लांब टेबल

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, म्हणजे पुढची बोलणी अंगाला लागणार नाहीत. सांगते आहे मी, लिहिते आहे तुझी आई. अक्षर तिचं, जीभ माझी. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझा बाप मध्येच बोलून खातो. पत्र बरं. ते दोनदा वाचून घेता येतं आणि उलट उत्तरही करत नाही.

तू धाडलेली ती नवरा-बायको आली बाई एकदाची. तुझ्या बापाने वरची जागा जुन्या कोठीसकट त्यांना विकली, ते तुला ठाऊकच आहे. पुढचं ऐक, आणि बसून ऐक. त्यांनी कोठीच्या तीन भिंती पाडल्या आणि त्या जागी काच लावली. जमिनीपासून छपरापर्यंत सगळी काच! माणसं आडोसा हवा म्हणून भिंत बांधतात, यांनी होती ती पाडली. सकाळी अख्खं गाव त्यांना दात घासताना बघतं. त्यांना नाव पडलं काचवाले. ती काचवाली.

काचवाला रोज उजाडताच पळतो. मागे कुणी लागलेलं नसतं, पुढे कुणी गाठायचं नसतं, तरी पळतो. पहिल्या दिवशी गिरणीवाल्याला वाटलं, कुठे आग लागली. तो बादली घेऊन त्याच्यामागे पार नाल्यापर्यंत धावला. तिथे काचवाला थांबला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि त्याला म्हणाला, "छान, रोज येत जा." गिरणीवाल्याचे पाय अजून शेकतोय आम्ही.

ती मात्र गोड आहे. आपल्या ओट्यावर येऊन बसली, मला म्हणाली, "आजी, तुम्ही वेळ कसा घालवता?" मी म्हटलं, "मी कुठली घालवते? तोच मला घालवायला बसलाय." हसली. मग म्हणाली, एकदा जेवायला या ना घरी.

आता गंमत ऐक. ती असं घरोघर सांगत फिरते आणि जात कुणीच नाही. गिरणीवाल्याच्या घरी सगळ्यांची पोटं एकाच दिवशी बिघडली. मास्तर म्हणतो, दाढ दुखते. त्याच्या तोंडात दाढ राहिलीय कुठे? त्या काचेवरून जाताना माणसं मान अशी वळवतात, जणू डोळ्यांवर ऊन येतंय. संध्याकाळी कसलं ऊन? या गावाने आयतं जेवण कधी नाकारलेलं मी जन्मात पाहिलं नाही. तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, "आई, तू गुडघा सांभाळ." गुडघ्याचा आणि त्याचा काय संबंध? तो चढ एकदा चढवू दे मला, मग बघते.

आपली सुईण अंथरुणाला खिळली आहे. जेवण तुटलं, जीभ शाबूत आहे. तुला निरोप दिलाय, "भिंगरीला म्हणावं, पायाळू आलीस, तुला ओढून काढताना माझा खांदा गेला. आता तरी सरळ चालतेस का?"

तुझी आजी

(ही ओळ आजींनी सांगितलेली नाही, मी लिहिते आहे. त्यांना त्या घरी जेवायला जा म्हणून भरीला घालू नकोस. कारण विचारू नकोस. त्यांना पत्र परत वाचून दाखवताना मी ही ओळ गाळणार आहे. – आई)


११ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार करते आणि भांडायला बसते. हे पत्र टपालवाल्या काकांकडूनच वाचून घे, आईकडून नको. तिने तुझ्या पत्राच्या शेवटी मला चोरून लिहिलं होतं, की आजींना त्या घरी जेवायला पाठवू नकोस आणि कारण विचारू नकोस. आजी, अगं हे काय चाललंय गावात? माणसं नवीन आली म्हणून त्यांच्या हातचं खायचं नाही? मला वाचून धक्काच बसला. आपलं गाव असं कधीपासून झालं?

ती बाई तुझ्याकडे हसते ना, ती इथे शहरात हसत नव्हती. मी तिच्या घरचे पडदे शिवायला घेतले, तिथून आमची ओळख. इतक्या वरच्या मजल्यावर घर, की खिडकीत कावळासुद्धा फिरकत नसे. एका सकाळी मी मापं घ्यायला गेले तर ती कापड मांडीवर घेऊन नुसती बसलेली. समोरच्या दारातल्या बाई वारल्या होत्या. कधी? तर महिना झाला होता. हिला कळलं कसं? दारावरची पाटी बदलली तेव्हा. मला म्हणाली, "मधे एकच भिंत आहे गं. आणि उद्या मी गेले तर त्यांनाही पाटीवरूनच कळेल."

तेव्हा मी बढाई मारली. म्हटलं, आमच्या गावात एक जण शिंकला तर चार जण काय झालं विचारतात. माझ्या त्या एका वाक्यावर त्या दोघांनी इथलं घर मोडलं आणि तिकडे आले. (माझं गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. काचेचं घर बांधलं आणि एक पडदा नाही!)

काल फोनवर रडत होती. म्हणाली, "तुझ्या गावाला आम्ही दिसतच नाही." काचेच्या घरात राहून! ती म्हणते, हा महिना बघू, नाहीतर घर बंद करून परत जाऊ. परत म्हणजे त्या पाटीसमोर.

आजी, तू जा. तू जेवलीस की गाव जेवेल. तुझा शब्द कुणी मोडत नाही, गिरणीवाल्याचं पोटसुद्धा. सुईणआजीला म्हणावं, सरळ चालते, पण मधेच वळते.

तुझी भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र टपालवाला लिहितो आहे. तुझ्या आईशी मी बोलत नाही, बापाशी तर मुळीच नाही. मी सांगते तसं लिही म्हटलं तरी तो मधे मधे "बापरे" म्हणतो. तेही लिहिलं असेल तर त्याचं समज. तसं माझंही तेच समज.

गेले मी जेवायला. तुझा बाप आडवा आला, म्हणाला, चढ झेपणार नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापाला पन्नास वर्षं झेपवलं, चढ काय घेऊन बसलास?" काचवाली खाली घ्यायला आली. हाताला धरून नेलं, खुर्चीत बसवलं. पुढ्यात लांबच लांब टेबल. काळंभोर, तेल पाजून चकचकीत केलेलं. मी सहज हात फिरवला. बोट एका चरात गेलं.

भिंगरे, तो चर माझ्या बोटाला ठाऊक होता.

ती कौतुकाने सांगत होती, "आजी, बघा ना, पूर्वीची माणसं किती विचार करायची! जेवताना काही सांडलं तर अंगावर येऊ नये म्हणून कडेकडेने चर. आणि त्या टोकाला भोक, म्हणजे सगळं तिकडून वाहून जावं." त्या भोकात तिने बाटली बसवून फुलं ठेवली होती. "कोठीतच सापडलं आम्हाला. पाय नव्हते, ते सुताराकडून करून घेतले."

कळलं का गं तुला? की तूही शहरात राहून विसरलीस? ती आपली फळी आहे. गावाची. माणूस गेलं की ज्या फळीवर निजवून शेवटची आंघोळ घालतात ती. घरात कुणी ठेवून घेत नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या आपल्या कोठीत असायची. चर आहे तो त्या पाण्यासाठी. भोक आहे ते पायाकडचं. तुझी पणजी तिच्यावर निजली, गिरणीवाल्याचा बाप निजला, मास्तराची बायको निजली. आणि जिथे काचवालीने माझं ताट मांडलं, तिथे तुझ्या आजोबांचं डोकं होतं.

टपालवाला थांबलाय. पाणी पितोय. थांब.

हं. तर मी ताटाकडे बघितलं. समोर ती वाढते आहे, नवरा म्हणतो आहे, "आजी, अजून घ्या." काचेतून बाहेर बघितलं तर खाली रस्त्यावर अर्धं गाव उभं, तोंडावर हात ठेवून. सगळ्यांना ठाऊक होतं! सगळ्यांना, माझ्याशिवाय. म्हणून ती पोटं आणि म्हणून त्या दाढा. ही दोघं रोज त्या फळीवर जेवतात आणि गाव रोज ते काचेतून बघतं. मान वळवणार नाही तर काय करेल?

तू विचारशील, मग तू काय केलंस? जेवले. दोनदा भाजी घेतली. ती पोर माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू माझ्या घासावर तिचा निकाल लागणार आहे. भाजी अळणी होती. तुझ्या आजोबांना मनात म्हटलं, "आयुष्यभर माझ्या आधी जेवलात, आज बसा बघत."

घरी आले आणि तुझ्या बापाला धरला. तर म्हणतो, "जागा विकताना फळीचं डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, सुताराने उचलली असेल." सुताराला बोलावलं. तो म्हणतो, "मला वाटलं, मालकांनी सांगून दिली असेल. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही." मास्तराला वाटलं, गिरणीवाला सांगेल. एकाचंही तोंड उघडलं नाही, आणि आता जितके दिवस जातात तितकं उघडणं जड होतं. काय सांगायचं? "अहो, तुम्ही इतके दिवस कशावर जेवत होतात ते ऐका"? तुझ्या आईने रडून सांगितलं, की तुमचं मन मोडेल म्हणून लपवलं. मी म्हटलं, माझं मन राहू दे, त्या पोरीच्या पोटाचं काय?

आणि आता खरी अडचण. सुईण फार दिवस काढत नाही. काल माझा हात धरून म्हणाली, "माझी आई जिच्यावर निजली, माझं तान्हं जिच्यावर निजलं, तिच्यावरच मला निजवा. दुसरं काही मागत नाही." तिला फळी कुठे आहे ते माहीत नाही. मी हो म्हटलंय.

तू त्यांना पाठवलंस. आता तूच सांग, मी काय सांगू?

तुझी आजी


२७ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मशीन चालू असताना वाचलं, ही चूक झाली. एका गिऱ्हाइकाचा पडदा मी उलटा शिवला, खालची बाजू वर. मी त्यांच्या घराचे फोटो बघितले होते गं! तिने मला त्या टेबलाचा फोटो पाठवला होता आणि मी उत्तर दिलं होतं, "किती सुंदर, जपून ठेवा." मी तिथे वाढलेली मुलगी. ओळखलं नाही! आजोबांच्या वेळी मला कुणी आत येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे मी ती कधी पाहिलीच नव्हती. आणि मी तुला भांडून तिथे जेवायला पाठवलं.

पण आजी, तिला सांगू नकोस. पाया पडते. ती कोलमडेल. जिथे माणसं एकमेकांची विचारपूस करतात म्हणून गेली, तिथे सगळं गाव महिनाभर तिला बघत होतं आणि गप्प होतं, हे तिला कळलं तर ती एक दिवस राहणार नाही. मी राहिले नसते.

असं कर. तिला म्हणावं, लाकडाला वाळवी लागली आहे, घर खाईल. सुतार नेईल आणि तिला दुसरं छान टेबल करून देईल. फळी आपली आपल्याकडे. खोटं बोल आजी. तुला येतं.

आणि लवकर कर. तिने कळवलंय, की येत्या रविवारी तिने सगळ्या गावाला दुपारचं जेवण ठेवलंय. घरोघर जाऊन परत सांगून आली आहे. शेवटचं, म्हणाली. कुणी आलं नाही तर सोमवारी सामान बांधायला घेणार.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

हे पत्र तुझी आई लिहिते आहे. आमचं बोलणं सुरू झालं. त्याचं कारण पुढे आहे.

सुईण गेली. रविवारी, उजाडता उजाडता. मी जवळ होते. त्रास झाला नाही. शेवटी डोळे उघडून लेकीला म्हणाली, "दार लोटून घे, गार येतं," आणि गेली. एवढी बडबडी बाई, आणि शेवटचं बोलली ते दाराबद्दल.

अंगणात गाव जमलं आणि सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. सुतार म्हणाला, "मी दुपारपर्यंत नवी करतो." लाकूड ओलं. तुझा बाप म्हणाला, "आपल्या घराचं दार काढून आणू." सुईणीची लेक नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईला हो मी म्हटलं होतं.

मी काठी घेतली आणि चढाला लागले. तुझी वाळवी जिभेवर तयार होती. मी वर पोचले, तर काचेतून दिसलं, टेबलभर ताटंच ताटं, अर्ध्या गावाला पुरतील इतकी. ती एकेक फडक्याने पुसत होती. मला बघून तिचा चेहरा असा खुलला, म्हणाली, "आजी, तुम्ही पहिल्या!" तो चेहरा बघून वाळवी काही जिभेवरून उतरेना. आधीच सगळं गाव तिच्याशी गप्प राहिलंय, त्यात आणखी मी खोटं बोलू?

म्हटलं, "बाई, ताटं उचल. हे टेबल नाही."

आणि सगळं सांगितलं. चर कशाचा, भोक कशाचं, कोण कोण निजलं. सुईण खाली वाट बघते आहे, तेही. काचवाला उभा राहिला तो खुर्ची पालथी पाडून. तोंड दाबून बाहेर धावला, फुलझाडांत ओकला. कित्येक दिवस बिनकामाचा पळत होता, त्या दिवशी कारणाने पळाला. ती हलली नाही. पांढरीफटक. तिचा हात फळीवरच होता. मला वाटलं, आता झटकन काढेल, किंचाळेल. काढला नाही.

तिने पहिलं काय विचारलं असेल? "तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"बसल्या बसल्या कळलं."

"मग जेवलात कशा?"

"भूक लागली होती," मी म्हटलं. "आणि तू वाढत होतीस."

मग ती रडली. ओरडून नाही, नुसती गळत राहिली. म्हणाली, "आणि हे सगळे? रोज बघत होते आणि एकानेही सांगितलं नाही?" म्हटलं, "लाजले. आधी विसरल्याची लाज, मग न सांगितल्याची. आता तुझ्यासमोर यायचीही लाज." तिने डोळे पुसले आणि ताटं उचलायला लागली. सगळी, एकटीने.

पुढची पंचाईत ऐक. तोवर सुतार आणि सुईणीची लेक माझ्या मागोमाग वर आले होते. सुताराने पाय असे बसवलेत, डिंक, खुंट्या, सगळं. काढायला गेलं तर फळीच उभी चिरणार. आणि पायांसकट ती दारातून निघेना. सुतार कपाळाला हात लावून बसला. आयुष्यात एकदाच त्याने काही पक्कं केलं, ते हे. सुईणीच्या घरच्या खुर्च्या अजून हलतात.

काचवालीने विचारलं, "त्यांना इथे आणलं तर चालेल का?"

सुईणीची लेक म्हणाली, "आई या गावात सगळ्यांच्या घरी गेली, बाळंतपणाला. इथेच तेवढी यायची राहिली होती."

आणली. सगळं गाव मागोमाग चढ चढून. ज्यांच्या दाढा, ज्यांची पोटं, ते सगळे. बायका आत शिरल्या आणि आठवलं, अरे, काच! तिन्ही बाजूंनी उघडं. काचवालीने कपाटं रिकामी केली, चादरी काढल्या. आम्ही बायका चादरी धरून काचेला लागून उभ्या राहिलो, तीही एका टोकाला. हात वर करून, पूर्ण वेळ. एकदाही खाली केले नाहीत. पाणी चरातून गेलं आणि भोकातून बादलीत पडलं, तेव्हा तिने बघितलं. डोळे मिटले नाहीत.

एक गोष्ट सांगू का? बायकांना वाकावं लागलं नाही. जन्मभर आम्ही गुडघ्यांवर बसून हे केलं, आठवडाभर कंबर धरायची. या वेळी सगळ्या ताठ उभ्या. गिरणीवाल्याची बायको हळूच माझ्या कानात म्हणाली, "पाय राहू देत की." मी तिला चिमटा काढला. पण खरं आहे.

खांदा द्यायला काचवाला आला. चेहरा अजून उतरलेला होता. कुणी बोलावलं नव्हतं. पळायच्याच बुटांत होता. मास्तराने सरकून जागा दिली.

परत आलो तेव्हा दुपार टळली होती, पोटात कावळे ओरडत होते. आणि वर काचवालीच्या घरी अख्ख्या गावाचं जेवण शिजून गार झालेलं. पाय आपोआप वर वळले. फळी आत धुऊन वाळत होती. जेवलो बाहेर, ताटं मांडीवर घेऊन. तुझ्या बापाने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, "चूक माझी." तुझ्या आईने तिच्याबरोबर वाढलं, म्हणून मी तुझ्या आईला माफ केलं. बापाचं अजून ठरवायचं आहे. दाढ दुखणाऱ्या मास्तराने तीनदा भात घेतला.

सोमवारी सामान बांधलं नाही. काचवाला आता स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. फळीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्याला वेळ लागेल, लागू दे. ती दोघं घराच्या मागच्या बाजूला वेगळी खोली बांधायचं म्हणताहेत, तिथे फळी राहील, पायांसकट, आणि दार रुंद करणार.

काल ती एकटीच फळीजवळ उभी होती. मी कशाला गेले होते, ते विचारू नकोस. गुडघा आता वर जायला कुरकुरत नाही. कडेने बोट फिरवत मला म्हणाली, "आजी, आम्ही बाहेरचे. उद्या माझं काही झालं, किंवा ह्यांचं... आम्हाला यावर जागा मिळेल का? कुणाला विचारावं लागेल?"

तिचा चेहरा बघवेना. हे विचारायला ती किती दिवस धीर गोळा करत असेल.

म्हटलं, "बाई, इथे जागा मागावी लागत नाही. फक्त मरावं लागतं. आणि रांगेत माझा नंबर आधी आहे, मध्ये घुसू नकोस."

अशी हसली गं, की काचवाला दारापर्यंत धावत आला. आत मात्र आला नाही. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "मग तुमचा नंबर लागेपर्यंत रोज जेवायला या."

येते म्हटलंय. मीठ मात्र मी घालणार.

तुझी आजी